डोंगरावरची खेप



उन्हाळ्यात कोण कुठे जाऊन आलं ते लिहून द्या, असा संपादकांचा दरवर्षी तगादा असतो आणि दरवर्षी आम्ही काही ना काही सबब सांगून निसटतो. या वेळी मात्र लिहायचं ठरवलं. त्यात फिरण्याची हौस आहेच, पण थोडी कबुलीही आहे.

बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींकडे उन्हाळा म्हणजे पाहुण्यांचा मोसम. भारतातून आई-वडील येतात. नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन अशी यात्रा पार पडते आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत दाखवण्यासारखं सगळं संपलेलं असतं. २०२४ साली आमच्याकडे नाना आणि आई आले होते, म्हणजे आमच्यापैकी एकाचे आई-वडील आणि दुसरीचे सासू-सासरे. नाना शहात्तर वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक. आई त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान, पण घरात शब्द तिचाच चालतो. यात्रा आटोपल्यावर दोघांचं एकच पालुपद सुरू झालं : "नात कुठाय? आम्ही तिला भेटायला आलो आणि तीच डोंगरात जाऊन बसली!"

नात होती न्यू हॅम्पशायरमधल्या व्हाइट माउंटन्समध्ये. कॉलेजचं दुसरं वर्ष संपल्यावर तिने तिथल्या एका हटवर उन्हाळी नोकरी धरली होती. आता कबुली. पुण्याच्या फोनवर, मंडळाच्या पिकनिकला आणि खुद्द नाना-आईंनाही आम्ही सांगितलं होतं की, ती "पर्यावरणाची इंटर्नशिप" करते. तसं ते अगदी खोटं नव्हतं. संध्याकाळी पाहुण्यांना झाडाझुडपांची माहिती सांगणं हा तिच्या कामाचा एक भाग होता. बाकीचा भाग आम्ही गाळला होता.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, मधल्या वारी, आम्ही चौघे निघालो. "डोंगराचं नाव माउंट वॉशिंग्टन" असं सांगितल्यावर आई म्हणाली, "वॉशिंग्टन झालं की पाहून!" तिला सांगितलं की हा निराळा. हे शिखर ६,२८८ फूट, आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ नऊशे फुटांनी उंच. १२ एप्रिल १९३४ रोजी त्याच्या माथ्यावरच्या वेधशाळेत ताशी २३१ मैल वेगाचा वारा मोजला गेला होता. वर जायला १८६१ पासून गाडीरस्ता आहे आणि १८६९ पासून दातेरी रुळांवरून चढणारी आगगाडीही. पण आम्हाला त्या शिखरावर जायचं नव्हतं. आमचा मुक्काम त्याच्या पश्चिमेला झीलंड फॉल्स हटवर होता.

९३ नंबरच्या हायवेने उत्तरेला जाताना फ्रँकोनिया नॉच ही खिंड लागते. जुन्या मंडळींना आठवत असेल, इथे कड्यावर दगडांतून आपोआप घडलेला म्हाताऱ्याचा चेहरा दिसायचा. आम्ही या देशात नवीन असताना प्रत्येक पाहुण्याला तो दाखवत असू. ३ मे २००३ रोजी तो कोसळला. आता आम्ही पाहुण्यांना मोकळा कडा दाखवतो आणि खिशातून २००० साली निघालेली न्यू हॅम्पशायरची पावली काढून त्यावरचा चेहरा दाखवतो. नानांनी पावली हातात घेतली, कड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे इथेही भग्न अवशेषच!" नाना मूळचे रायगडाच्या पायथ्याचे, पाचाडजवळच्या एका वाडीतले. अवशेष त्यांना नवे नाहीत.

थोडं या हटविषयी. अपालाचियन माउंटन क्लब ही संस्था १८७६ साली बॉस्टनमध्ये स्थापन झाली. तिने १८८८ मध्ये मॅडिसन शिखराजवळ पहिली हट बांधली. आज अशा आठ हट आहेत. हट म्हणजे डोंगरातली धर्मशाळाच, फक्त पैसे घेऊन चालवलेली. गाडी वरपर्यंत जात नाही. झोपायला बंकचे बिछाने, उशी आणि घोंगडी मिळते, अंघोळीची सोय नसते. संध्याकाळी सहाला जेवण, सकाळी सातला न्याहारी. पाचसहा तरुण मुलं-मुली छत्तीस जणांचा स्वयंपाक करतात, पाव भाजतात, भांडी घासतात, संडास साफ ठेवतात, आणि सकाळी घोंगड्या घड्या कशा घालायच्या याचं एक धमाल नाटुकलं करून दाखवतात. गॅस, पीठ, कडधान्य असलं जड सामान मोसमाच्या सुरुवातीला हेलिकॉप्टरने येतं. भाजी, दूध, अंडी, चीज यांसारखा ताजा माल मात्र आठवड्यातून दोनदा ही मुलंच पाठीवरून वर नेतात. आम्ही गाळलेला भाग तो हाच.

झीलंडची गाडीवाट जिथे संपते तिथे आम्ही दुपारी पोहोचलो, तर समोरच आमचं रत्न उभं. लाकडी चौकट पाठीशी, तिच्यावर एकावर एक दोरीने आवळलेली खोकी, सगळ्यात वरचं डोक्याच्याही वर गेलेलं. पायात चिखलाने माखलेले बूट, पिंढऱ्यांवर ओरखडे. "आजीऽऽ!" म्हणून तिने हात पसरले. पण ओझ्यामुळे तिला वाकता येईना, म्हणून आईच्या पाया न पडता ती तशीच उभी राहिली.

आईने ओझ्याला हात लावून पाहिला. "किती आहे गं?"

"पन्नास पौंड असेल."

पन्नास पौंड म्हणजे बावीस-तेवीस किलो. आईचा चेहरा उतरला. लेक "वर भेटू" म्हणून झपाझप निघून गेली आणि मग आईने आमच्याकडे वळून विचारलं, "इंटर्नशिप म्हणजे हेच का? इतक्या लांब येऊन, इतकं शिकवून, पोरीला हमाली करायला लावलीत?"

आमच्याजवळ उत्तर नव्हतं. "इथे सगळी मुलं असली कामं करतात", "कॉलेजच्या अर्जात याला मान असतो" वगैरे आम्ही पुटपुटलो. खरं सांगायचं तर आईच्या मनात होतं तेच आमच्याही मनात होतं, म्हणून तर आम्ही निराळं नाव शोधलं होतं. नाना काहीच बोलले नाहीत. काठी टेकत चालू लागले.

वाट २.८ मैलांची आणि बहुतेक सपाट. सपाट असण्याचं कारण गमतीचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे लाकूडतोडीसाठी रूळ टाकले होते आणि त्या जुन्या रुळांच्या वाटेवरूनच आज आपण चालतो. त्या काळात हे खोरं पार बोडकं झालं होतं. १८८६ आणि १९०३ च्या वणव्यांनी उरलंसुरलं जाळलं. पुढे १९११ च्या कायद्याने सरकारला असल्या जमिनी विकत घेता आल्या आणि १९१८ साली हे राष्ट्रीय वन झालं. आज तिथे बर्च आणि मेपलची अशी दाटी आहे की, हे सांगूनही खरं वाटत नाही. बीव्हरने बांध घालून केलेल्या तळ्यांवरून लाकडी साकव आहेत. पाण्याकाठचे एकदोन मेपल लाल व्हायला लागले होते. घरी अजून पंखे चालू होते आणि इथे उन्हाळा आवरायला घेतलेला दिसत होता.

अशाच एका तळ्याच्या काठी नाना बसले. पाणी प्यायले आणि म्हणाले, "मी पण खेपा केल्यात."

आम्हाला वाटलं शाळेच्या काहीतरी.

"गडावर. दहा-अकरा वर्षांचा असेन. चैत्री पौर्णिमेला शिवपुण्यतिथीचे लोक यायचे, हिवाळ्यात शाळांच्या सहली. तेव्हा रोपवे नव्हता. वर राहणाऱ्यांच्या वळकट्या, शिधा, सगळं पाठीवरून. एका खेपेला बारा आणे. मोठ्या माणसांना जास्त मिळायचे."

रोपवे १९९६ साली झाला. त्याआधी आम्हीही दीड हजाराच्या घरातल्या त्या पायऱ्या चढलो होतो, नानांबरोबरच. तेव्हा त्यांनी आम्हाला हिरकणी बुरूज दाखवला, जगदीश्वराचं देऊळ दाखवलं, टकमक टोकावर हाताला घट्ट धरून ठेवलं. हे मात्र कधी सांगितलं नाही. आईलाही नाही, लग्नाला पन्नासहून जास्त वर्षं होऊन.

"सांगायचं काय त्यात?" नाना म्हणाले. "महाडच्या शाळेत गेलो तेव्हा एकाने ओळखलं. ‘वळकटीवाला’ म्हणायला लागले. मग मी ठरवलं, हा विषय बंद. त्या बारा-बारा आण्यांतून वह्या आल्या होत्या. आणि मी त्याचीच लाज धरली."

आई बराच वेळ पाण्याकडे पाहत होती. मग एवढंच म्हणाली, "चला. अंधार होईल."

शेवटचा दगडी चढ तेवढा छातीवर येणारा आहे. आम्ही तो चार वेळा थांबून चढलो. वरती धबधब्याचा आवाज, समोर खिंड उघडलेली, आणि दारात लेक एप्रन लावून उभी. आता ती वाकली आणि दोघांच्या पाया पडली. रात्री जेवणात पावाबरोबर तिने घरून मागवलेला गोडा मसाला घालून केलेलं मसुरीचं सूप होतं. शेजारच्या टेबलावरच्या एका आजोबांनी तीनदा घेतलं. आई म्हणाली, "मीठ कमी आहे," आणि आम्हाला हायसं वाटलं. आईने खोड काढली म्हणजे राग गेला.

सकाळी लेकीचा मोसम संपणार होता. कॉलेज सुरू होणार म्हणून ती आमच्याबरोबरच उतरणार होती, आणि जाता जाता रिकाम्या डब्यांची एक शेवटची खेप खाली न्यायची होती. ती खोकी बांधत होती, नाना बघत होते.

"पोरी, वर बांध. कमरेवर आलं की मागे ओढतं. ओझं खांद्याच्या वर असलं की पायावर उतरतं."

लेक हसायला लागली. "नाना, आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं! तुम्हाला कसं माहीत?"

मग नानांनी तिला सगळं सांगितलं. खाली उतरेपर्यंत दोघंच पुढे चालत होती, आणि तिचे प्रश्न संपत नव्हते. वळकटी कशी बांधायची? पावसात काय? पडलात कधी? इतकं बोलताना नानांना आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

आता, जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी चार गोष्टी. हटचं आरक्षण खूप आधी करावं लागतं आणि शाकाहारी असल्यास तेव्हाच कळवावं. आई-वडिलांना न्यायचं असेल तर झीलंड बरी. लेक्स ऑफ द क्लाउड्स ५,०१२ फुटांवर आहे, झाडांच्या रेषेच्या वर, तिथे वाऱ्याला आडोसा नाही. ऑगस्टमध्येही लोकरी टोपी, स्वेटर आणि रेनकोट घ्या. सुती कपडे भिजले की अंग गार पडतं. उन्हाळा आहे म्हणून गाफील राहू नका. ३० जून १९०० रोजी, भर उन्हाळ्यात, कर्टिस आणि ऑर्म्सबी हे दोन कसलेले गिर्यारोहक माउंट वॉशिंग्टनवर बर्फाळ वादळात सापडून गेले. म्हाताऱ्या माणसांच्या चालीने वेळ धरा. आम्हाला तीन तास लागले. आणि आपला कचरा आपणच खाली आणायचा आहे. तो मागे ठेवलात तर तो कुणाच्या तरी लेकीच्या पाठीवरून उतरतो.

७ सप्टेंबरला गणपती बसले. आरतीनंतर मंडळातल्या एका काकूंनी आईला विचारलं, "नात कुठल्या कंपनीत इंटर्नशिप करत होती म्हणे?"

आम्ही दोघे तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, "कंपनी नाही हो. डोंगरावर सामान वाहत होती. पन्नास पौंड." आणि नानांकडे बोट दाखवून, "यांच्यावर गेलीय."

नाना प्रसादाची ताटं उचलत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण ऐकलं होतं.