सरळ जाणारी चकती

गेल्या हिवाळ्यात नातू अमेरिकेहून आला तेव्हा त्याच्या पाठीवरच्या पिशवीत कपडे कमी आणि चकत्याच जास्त निघाल्या. पाच रंगांच्या प्लॅस्टिकच्या पाच चकत्या. आमच्या सौभाग्यवतींना त्या ताटल्या वाटल्या. त्यातली सर्वांत खोलगट तिने चिवडा काढायला उचललीसुद्धा होती. नातू घाईघाईने म्हणाला, ''आजी, ती मिडरेंज आहे!'' तिला काही बोध झाला नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे मेहकरकडच्या आमच्या शेतात गेलो. एका बाजूला तूर उभी होती, दुसऱ्या बाजूला हरभरा. मधला मुरमाड तुकडा पडीक. त्या तुकड्याच्या टोकाला एक जुना कडुनिंब आहे. नातवाने त्याच्याकडे बोट दाखवून सांगितले, ''आजोबा, कमीत कमी फेकींत त्या झाडाला चकती लावायची. हाच डिस्क गोल्फ.'' मी पिशवीत डोकावलो आणि धारदार कडेची, लालभडक चकती उचलली. सर्वांत लांब जाणारी हीच, असे तिच्याकडे पाहूनच वाटत होते. जीव खाऊन फेकली. पंधरा-वीस पावले गेली आणि डावीकडे वळून तुरीत शिरली. दुसरी फेक तशीच. तिसरीही तशीच. बांधावरून जाणारा एक ओळखीचा शेतकरी थांबला आणि म्हणाला, ''साहेब, ताटल्या कायले फेकून राह्यले तुरीत?''

नातू चौदा वर्षांचा आहे. तो हसला नाही. पिशवीतून त्याने आजीने चिवड्यासाठी निवडलेली निळी चकती काढली आणि माझ्या हातात दिली. ''आधी हिच्याशी ओळख करून घ्या. ही सरळ जाते.''

सरळ जाते म्हणजे काय, हे समजून घेण्यात माझे पुढचे तीन आठवडे गेले.

या खेळाचा जन्म तसा पोटापाण्याच्या धंद्यातला. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, ब्रिजपोर्ट गावी, फ्रिस्बी नावाच्या बेकरीचे पाय पत्र्याच्या थाळीत विकले जात. खाऊन झाले की पोरे रिकाम्या थाळ्या एकमेकांकडे भिरकावीत. पुढे फ्रेड मॉरिसन या गृहस्थाने प्लॅस्टिकची चकती बनवली आणि 1957 सालापासून व्हॅम-ओ कंपनीने ती बाजारात आणली. याच कंपनीतल्या एड हेड्रिकने 1975 साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह बागेत डिस्क गोल्फचे पहिले कायम मैदान आखले. गंमत अशी, की तिथेही सुरुवातीला साधे खांबच लक्ष्य होते. साखळ्या लोंबणारी लोखंडी टोपली नंतर आली. म्हणजे आमचा कडुनिंब अगदीच परंपरेबाहेरचा नव्हता. हा हेड्रिक 2002 मध्ये वारला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून चकत्या घडवल्या गेल्या. मेल्यावरही उडत राहण्याची ही हौस! आज या खेळाची जगभरात पंधरा हजारांहून अधिक मैदाने आहेत आणि त्यातली पुष्कळशी सार्वजनिक बागांत, फुकट खेळता येणारी.

चकती उडते कशी, हे नातवाने मला भोवऱ्यावरून समजावले. फिरत्या भोवऱ्याला बोटाने ढकलले तर तो ढकलल्या दिशेला न पडता आडवा कलतो. चकतीचेही तसेच. उजव्या हाताने, छातीजवळून बाहेरच्या बाजूला फेकली की ती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. वेग जास्त असतो तेव्हा हवा तिचे नाक खाली दाबू पाहते. पण फिरकीमुळे नाक खाली न जाता चकती उजवीकडे कलते. वेग ओसरला की हवा नाक वर उचलू पाहते आणि चकती डावीकडे कलते. म्हणून प्रत्येक चकतीच्या प्रवासात थोडी उजवी ओढ आणि शेवटी थोडी डावी ओढ असते. ज्या चकतीत या दोन्ही ओढी कमीत कमी, ती सरळ.

हे वाचताना आपल्याला वाटेल, यात आपल्याकडचे काय? पण माझे बालपण याच विद्येत गेले. ज्वारी निसवली की आम्ही पोरे माळ्यावर बसून राखण करायचो. भोरड्यांचे थवेच्या थवे उतरत. कमरेला अंबाडीची गोफण आणि पायाशी नाल्यातल्या गोट्यांचा ढीग. गोटा वेडावाकडा असला तर तो हवेत वाकडा जाई. म्हणून वडील सांगत, ढीग करतानाच निवड. थवा उतरल्यावर निवडायला वेळ नसतो. दुपारी पैनगंगेच्या डोहावर भाकऱ्यांचा खेळ. त्याला मात्र गोल गोटा चालत नसे. तळहाताएवढा, चपटा, कडेला जरा जाड दगड लागे. 2004 साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी मोजून सांगितले, की दगड पाण्याशी साधारण 20 अंशांचा कोन करून पडला तर सर्वांत जास्त टप्पे घेतो. आमच्या मनगटांना ते आकड्यावाचून माहीत होते. पुढे नव्वदच्या दशकापासून ज्वारीच्या जागी सोयाबीन पसरत गेले. सोयाबीनवर भोरड्या उतरत नाहीत. माळा गेला, गोफण गेली, आणि दगड निवडणारी नजरही गेली. आता रात्री राखण करावी लागते ती रोह्यांसाठी आणि डुकरांसाठी.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. चकतीवर चार आकडे छापलेले असतात. पहिला वेगाचा, दुसरा तरंगण्याचा, तिसरा उजव्या ओढीचा, चौथा शेवटच्या डाव्या वळणाचा. मध्यम पल्ल्याच्या चकतीचा वेग साधारण 4 ते 5 असतो, लांब पल्ल्याच्या चकत्यांचा 12-13 पर्यंत जातो. मी पहिल्या दिवशी उचललेली लाल चकती त्या जातीची होती. तिला जो वेग लागतो तो माझ्या खांद्यात नाही. म्हणून ती शेवटचे डावे वळण पहिल्याच पंधरा पावलांत घेऊन मोकळी होत असे. मध्यम पल्ल्याच्या चकतीला एवढी घाई नसते. तिची कड बोथट, पकड सोपी आणि चूक झाली तरी ती फार दूर जाऊन पडत नाही.

सरळपणासाठी शेवटचे दोन आकडे पाहायचे. इनोव्हा कंपनीच्या माको-थ्रीवर ते शून्य आणि शून्य असतात. डिस्क्राफ्टची बझ 2003 साली आली. तिच्यावर उणे एक आणि एक असतात. म्हणजे आधी किंचित उजवीकडे, मग किंचित डावीकडे, आणि गोळाबेरीज सरळ. हिशेब जमतो. वजनालाही मर्यादा आहे. व्यासाच्या दर सेंटिमीटरला 8.3 ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. त्यामुळे 21.7 सेंटिमीटरची चकती 180 ग्रॅमवर थांबते. माझ्यासारख्या नवख्याने 165 ते 170 ग्रॅमची घ्यावी, असे नातवाचे मत. साध्या प्लॅस्टिकची चकती स्वस्त आणि हाताला चिकटून बसणारी, पण लवकर झिजते. महाग प्लॅस्टिकची पुष्कळ टिकते. निवड करायची ती वारा पडलेला असताना, सकाळी. समोरून वारा आला की चकती उजवीकडे पळते, मागून आला की लवकर डावीकडे पडते. वाऱ्यात घेतलेली परीक्षा ही वाऱ्याची परीक्षा असते, चकतीची नव्हे.

हे सारे लिहून घेतल्यावर मी निळी चकती फेकली. ती लाल चकतीपेक्षा बरीच सरळ गेली, पण शेवटी डावीकडेच वळली. मी म्हणालो, ''अरे, हिच्यावर तर शून्य लिहिले आहे!''

नातू म्हणाला, ''आजोबा, तो आकडा तुमच्या हातासाठी नाही लिहिलेला.''

चकतीवरचे आकडे खोटे नसतात. पण ते ठरावीक वेगाने फेकणाऱ्या हातासाठी असतात. हात संथ असेल तर शून्यसुद्धा डावीकडे वळते. अशा हाताने थोडी उजवी ओढ असलेली चकती घ्यावी, म्हणजे ती त्याच्यासाठी सरळ होते. तगड्या हातात तीच चकती उजवीकडे उलटून पडेल. सरळपणा नुसत्या चकतीत नसतो, नुसत्या हातातही नसतो. तो दोघांच्या जोडीत असतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी तीस-पस्तीस वर्षे बँकेत काढली आणि सरळ माणूस म्हणून नाव मिळवले. एका शाखेत असताना घाटावरच्या एका गावचा वयस्क शेतकरी विहिरीच्या कर्जासाठी आला होता. सात-बारावर मेलेल्या भावाचे नाव होते, वारसाची नोंद व्हायची होती. मी त्याला परत पाठवले. तो पुन्हा आला, एक कागद कमी होता. तिसऱ्यांदा आला तेव्हा दुसराच एक कागद मुदतीबाहेर गेला होता. मी एकही नियम मोडला नाही. त्याच्या जागी तालुक्यातला वजनदार बागायतदार असता तर तेच नियम सुतासारखे सरळ गेले असते, कारण त्याच्या हातात वकील होता, तलाठी होता, जीप होती. नियमावरचे आकडे त्या हातासाठी लिहिलेले होते. मला त्याच्याबरोबर तलाठ्याकडे एक चिठ्ठी देता आली असती. एखादा अर्ज समोर बसवून भरून घेता आला असता. त्याला कुठलाही नियम आड येत नव्हता. मी ते केले नाही. उन्हाळा गेला, विहीर राहिली. पुढच्या पोळ्याला त्याच्या दारात एकच बैल होता, हे मला त्याच्या गावच्या शिपायाकडून कळले. मी कादंबऱ्या लिहिल्या, त्यात शेतकरी लिहिले. हा शेतकरी मात्र कधी लिहिला नाही.

नातू जानेवारीत परत गेला. जाताना निळी चकती ठेवून गेला. आठवड्यातून तीन-चारदा मी सकाळी शेतावर जातो. मुरमावर आपटून तिची कड खरबडीत झाली आहे, तळाला चरे पडले आहेत. मी फोनवर हळहळलो, तर नातवाला आनंद झाला. चकती झिजली की तिची शेवटची डावी ओढ कमी होते म्हणे. चांगले खेळाडू मुद्दाम जुनी चकती जपून ठेवतात. खरेच, अलीकडे ती माझ्या संथ हातानेही बरीचशी सरळ जाते. चाळीस पावलांवरून पाच फेकींत दोनदा तरी कडुनिंबाला लागते.

उरलेल्या तीन वेळा ती डावीकडे जाते, तुरीची कापणी झाल्यावर उरलेल्या खुंटांत पडते. पूर्वी मी लगेच तिच्यावरचे आकडे पुन्हा वाचत असे. आता आधी माझा हात तपासतो. चकतीचे नाक वर राहिले होते का, मनगटाने फिरकी दिली होती का, की नुसताच जोर केला. मग चालत जाऊन ती उचलून आणतो. बांधावरचा तो शेतकरी हल्ली थांबून पाहतो. परवा त्याच्या नातवाने फेकून बघायला मागितली. पोराचा हात वेगवान आहे; त्याची फेक उजवीकडे उलटली आणि पोरगे खट्टू झाले. मी त्याला सांगितले, ''तुझा हात चुकला नाही रे, ही चकती माझ्या हाताची झाली आहे. तुझ्यासाठी वेगळी मागवू.''

नातवाला फोन करून मी तिचे आकडे लिहून घेतले आहेत.