राक्षसाला शब्द मिळतो तेव्हा

महाविद्यालयात असताना फिल्म सोसायटीच्या खेळात ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ प्रथम पाहिला. आम्ही मित्र हसण्यासाठीच गेलो होतो. जुना कृष्णधवल भयपट, रंगवलेले आभाळ, विजांचा लखलखाट, पोटभर हसलोही. गेल्या दिवाळीच्या सुटीत तोच सव्वा तासाचा चित्रपट पुतण्याच्या संगणकावर पुन्हा पाहिला आणि या खेपेस हसू आले नाही.

१९३१ साली युनिव्हर्सल कंपनीचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ तुफान चालला. त्यात प्रेतांचे अवयव जोडून घडविलेला तो जीव बोरिस कार्लॉफ याने साकारला होता; तोंडी मात्र शब्द नव्हता, नुसते गुरगुरणे. (या नटाचे वडील हिंदुस्थानातील मीठ खात्यात अधिकारी होते, हे जाता जाता सांगून ठेवतो.) १९३५ च्या या उत्तरार्धात दिग्दर्शक जेम्स व्हेल याने त्याला बोलते केले. कार्लॉफला ते रुचले नव्हते. मला वाटते, एवढा मोठा नट येथे चुकला. मेरी शेलीच्या १८१८ च्या मूळ कादंबरीतील जीव तर चांगला वक्ता आहे. आडोशाला बसून, एका कुटुंबाची बोलणी ऐकत तो भाषा शिकतो.

चित्रपटात त्याला गुरू भेटतो तो अरण्यातला एक अंध वृद्ध. व्हायोलिनच्या सुरांमागे हा जखमी जीव त्याच्या झोपडीत शिरतो. म्हाताऱ्याला त्याचे रूप दिसतच नाही. तो त्याला जेवू घालतो, निजवतो आणि मग शिकवू लागतो : भाकरी, चांगले, वाईट, मित्र. वस्तू हाती द्यायची आणि नाव उच्चारायचे. पहिलीच्या वर्गात आम्ही तरी याहून निराळे काय करतो? इतक्यात वाट चुकलेले दोन शिकारी येतात, राक्षस ओळखतात, झटापट होते आणि झोपडी पेट घेते.

हा प्रसंग पाहताना मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. अवाढव्य अंगाचा, कधीच न बोलणारा. मी त्याला मठ्ठ ठरवून मागच्या बाकावर बसविले होते. वर्षअखेरीस कळले, घरी त्याच्याशी बोलणारे कोणी नव्हते. तोवर त्याने शाळा सोडली होती. त्या दोन शिकाऱ्यांना मी कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

नावात जिची ‘वधू’ आहे ती अगदी शेवटी, मोजकी मिनिटे दिसते. एल्सा लँचेस्टर हिने ती आणि प्रारंभीची मेरी शेली अशा दोन्ही भूमिका केल्या आहेत. वधूचे ते फूत्कार तिने हंसांवरून उचलले होते. उभ्या केसांतून गेलेले ते पांढरे पट्टे तर सर्वांच्याच लक्षात राहतात. राक्षस हात पुढे करून विचारतो, मित्र? शिकवलेल्या शब्दांपैकी हाच त्याने जपून ठेवलेला असतो. ती किंचाळते.

मग तो आपल्या निर्मात्याला पत्नीसह जाऊ देतो. प्रयोगशाळा उद्ध्वस्त करणाऱ्या दांड्यावर हात ठेवताना त्याच्या गालावरून एक अश्रू ओघळतो. पुतण्याने दिवा लावला, तेव्हा मी चष्मा पुसत होतो.