मायक्रोकंट्रोलर, बझर आणि गांधाराचा प्रश्न

प्रस्तावना :
बझरवर सोपी धून वाजविणे हा इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांचा आवडता प्रयोग आहे. मात्र आर्डुइनोच्या उदाहरणातील तयार स्वरसूची जशीच्या तशी वापरल्यास भूप रागाचा गांधार चढा लागतो. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे वास्तव्य लाभलेल्या नाशिकमध्ये तरी हा दोष दुर्लक्षित राहू नये. त्याची कारणमीमांसा व उपाय मांडणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नादनिर्मिती :
ज्या बझरमध्ये आंदोलक अंतर्भूत असतो, तो वीज मिळताच एकाच सुरात वाजतो. धुनेसाठी तो निरुपयोगी होय. आंदोलकविरहित पिझो बझर घ्यावा. मायक्रोकंट्रोलर आपल्या पिनवरील विद्युतदाब ठरावीक काळाने उच्च व नीच करतो. ही अदलाबदल दर ८३३ मायक्रोसेकंदांनी झाल्यास ६०० हर्ट्झचा स्वर उमटतो. असा बझर खालच्या स्वरांत क्षीण वाजतो. म्हणून येथे षड्ज क्रमिक पुस्तकांतील २४० ऐवजी ४८० हर्ट्झ मानला आहे.

स्वरस्थाने :
तयार सूचीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. स्वरसंवादावर आधारलेली स्थाने त्याहून भिन्न आहेत.

सारणी क्र. १ (हर्ट्झमध्ये)
स्वर – संवादी स्थान – समविभाजित स्थान
रिषभ – ५४० – ५३८.८
गांधार – ६०० – ६०४.८
पंचम – ७२० – ७१९.२
धैवत – ८०० – ८०७.३

रिषभ व पंचम यांतील अंतर अल्प आहे; गांधार व धैवतातील अंतर मात्र कानाला जाणवते. तानपुऱ्याच्या खर्जाची तार १२० हर्ट्झला लावल्यास तिचा पाचवा स्वरांश, म्हणजेच स्वयंभू गांधार, ६०० हर्ट्झचा असतो. त्याच्यासमवेत ६०४.८ हर्ट्झचा स्वर वाजल्यास सेकंदाला सुमारे पाच विस्पंद ऐकू येतात.

हा वाद जुनाच आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, तेव्हाही त्या वाद्याचे स्थिर, समविभाजित स्वर हा आक्षेपाचा एक मुद्दा होता.

टायमरची मर्यादा :
केवळ सूचीत ६०० हा आकडा लिहिल्याने प्रश्न पूर्णतः सुटत नाही. आर्डुइनो उनोमधील 'टोन' ही आज्ञा आठ-बिटी टायमर वापरते. १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला पूर्णांकानेच भागता येत असल्यामुळे प्रत्यक्षात ६००.९६ हर्ट्झ मिळतात, आणि लगतचा वरचा स्वर थेट ६०३.८६ हर्ट्झचा असतो. स्थिर स्वरासाठी हे चालण्याजोगे आहे. परंतु मींड अशा पायऱ्यांनी तुटक ऐकू येते. त्याच चिपमधील सोळा-बिटी टायमर-१ थेट वापरल्यास ६०० हर्ट्झच्या आसपास ही पायरी सुमारे ०.०५ हर्ट्झ इतकी सूक्ष्म होते. तेथे 'टोन' आज्ञेऐवजी टायमरच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्टरमध्ये, मूल्य स्वतः भरावे लागते.

निष्कर्ष :
यंत्र बेसूर नसते; त्याला दिलेली सूची कोणत्या संगीतपरंपरेची आहे, हे महत्त्वाचे. भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स व संगीत या विभागांनी हा प्रयोग तानपुऱ्याच्या साथीने संयुक्तपणे घ्यावा. विद्यार्थ्याने प्रथम दोन्ही गांधार ऐकावेत व नंतर आकडे मांडावेत. तसे झाल्यास अपूर्णांक आणि श्रुती यांचे नाते त्याला पाठांतराविना उमगेल.