जीर्णोद्धार करताना काय जपावे?

औंढा नागनाथ येथील मंदिराला प्रदक्षिणा घालताना भाविकाची दृष्टी भिंतीकडे गेली, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. खालचा भाग काळसर पाषाणाचा आणि शिल्पांनी भरलेला आहे. वरचे शिखर मात्र निराळ्या घडणीचे व फिकट रंगाचे आहे. खालची बांधणी यादवकालीन, हेमाडपंती म्हणून ओळखली जाणारी. वरची पुष्कळ नंतरची. परचक्रात मंदिराची मोडतोड झाली आणि पुढे अहिल्याबाई होळकर यांच्या काळात त्याचा जीर्णोद्धार झाला, असे सांगितले जाते. दोन काळांमधला तो सांधा आजही उघड दिसतो. उरलेला जुना पाषाण जागेवर राहिला, म्हणूनच त्या वास्तूला आपली सारी कथा सांगता येते. खालचा भागही उपसून सर्व काही नव्याने रचले गेले असते, तर मंदिर उभे राहिले असते. त्याचे वय मात्र हरवले असते.

हिंगोली हा जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. जिल्हा तरुण असला, तरी त्याची भूमी फार जुनी आहे. औंढ्याचे नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून पूजिले जाते. 1270 मध्ये जन्मलेल्या या संताची 61 पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. औंढा तालुक्यातील शिरड शहापूर येथे भगवान मल्लिनाथांचे दिगंबर जैन अतिशय क्षेत्र आहे. तेथील मूर्ती पूर्वी नांदेडजवळच्या अर्धापूर येथे होती आणि सुमारे तीनशे वर्षांपूर्वी शिरडला आली, असे परंपरा सांगते. स्वतः हिंगोली शहर निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिन्जंट या सैन्याची छावणी म्हणून प्रसिद्ध होते. थोड्या अंतरात शैव, वारकरी आणि जैन अशा तीन परंपरा येथे नांदत आल्या आहेत.

हा वारसा जपायचा कसा, हा प्रश्न जैन समाजाला नवा नाही. नवे जिनालय उभारण्यापेक्षा जुन्याचा जीर्णोद्धार आठपट पुण्याचा, ही शिकवण घराघरांत ऐकायला मिळते. अडचण आहे ती त्या शब्दाच्या आजच्या अर्थाची. अनेक ठिकाणी जीर्णोद्धार म्हणजे जुने उतरवून नवे चढविणे, असेच समजले जाते. दगडी भिंतीवर चकचकीत फरशी बसते, कोरीव खांबांवर तैलरंगाचे थर चढतात, चुन्याच्या जोडांत सिमेंट भरले जाते. हेतू भक्तीचाच असतो. परिणाम मात्र उलटा होतो. जुनी भिंत जमिनीतली ओल शोषते आणि चुन्याच्या सांध्यांतून ती हळूहळू बाहेर सोडते. सिमेंट व तैलरंग ही वाट बंद करतात. ओल आत कोंडते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाशी साचतात आणि काही वर्षांतच त्याचे पापुद्रे सुटू लागतात. त्याबरोबर नाक, डोळे, अक्षरे झडून जातात. देणगीदाराचे नाव कोरलेली जुनी शिळा फरशीखाली गेली, तर एका कुटुंबाच्या दानाचा पुरावाही नाहीसा होतो.

याउलट आदर्श जैन समाजाच्याच इतिहासात आहे. विसाव्या शतकात शेठ आणंदजी कल्याणजी पेढीने कस्तुरभाई लालभाई यांच्या नेतृत्वाखाली राणकपूर आणि देलवाडा येथील मंदिरांचा जीर्णोद्धार केला. देलवाड्याला जुन्याशी मिळताजुळता संगमरवर हवा, म्हणून अंबाजीकडील खाणीतून दगड मिळविला गेला आणि पारंपरिक सोमपुरा शिल्पींकडून तो घडविला गेला. खर्च वाढला, वेळही लागला; पण मूळ घडण टिकली.

मंदिरांची काळजी घ्यायला निदान विश्वस्त मंडळे असतात. त्यांच्या सावलीत वाढलेल्या जुन्या पेठांना मात्र वाली नाही. मराठवाड्याच्या बाजारपेठांतील व्यापाऱ्यांचे वाडे म्हणजे रस्त्याकडे पेढी, मागे चौक, सागवानी तुळयांवर मातीचे माळवद आणि धान्यासाठी बळद. उन्हाळ्यात गारवा देणारी ही घरे आता वाटण्यांत अडकली आहेत. एक भाऊ पुण्यात, दुसरा छत्रपती संभाजीनगरात. माळवदावर माती टाकायला कोणी नाही, आणि एका पावसाळ्यात तुळई बसते. केंद्राचा 1958 चा आणि राज्याचा 1960 चा पुरातत्त्व कायदा संरक्षित म्हणून घोषित झालेल्या स्मारकांपुरता आहे. कुटुंबाच्या वाड्याला तो सहसा लाभत नाही. मुंबईने 1995 मध्ये वारसा नियमावली करून इमारतींबरोबर संपूर्ण परिसरांनाही संरक्षण दिले. अहमदाबादच्या पोळींतली लाकडी घरे आणि देरासरे यांच्यामुळे 2017 मध्ये त्या शहराला जागतिक वारसा शहराचा मान मिळाला. लहान गावांना अशी यंत्रणा अजून दूरचीच वाटते.

व्यापारी समाजाला जवळचा वाटावा असा एक मार्ग अमेरिकेतील सॅव्हाना या मध्यम आकाराच्या शहरात सापडतो. 1954 मध्ये तेथील जुनी मंडई पाडून तिच्या जागी वाहनतळ बांधण्यात आला. दुसऱ्याच वर्षी डेव्हनपोर्ट हाउस या 1820 च्या घरावर तशीच वेळ येताच सात महिला एकत्र आल्या. त्यांनी संस्था स्थापून ते घर 22,500 डॉलरला विकत घेतले. पुढे त्या संस्थेने फिरता निधी उभारला. पडायला आलेले घर विकत घ्यायचे आणि ते न पाडता दुरुस्त करण्याच्या अटीवर नव्या मालकाला विकायचे. परत आलेल्या पैशांतून पुढचे घर घ्यायचे. मुद्दल फिरत राहिले आणि घरे वाचत गेली. 1966 मध्ये शहराचा जुना भाग राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ घोषित झाला. मंडई गिळणारा तो वाहनतळही अर्धशतकानंतर पाडला गेला आणि तेथे पुन्हा मोकळा चौक झाला. मंडई मात्र परत आली नाही.

भांडवल एकदा घालून ते पुन्हा पुन्हा फिरविणे पेढीवर बसणाऱ्याला शिकवावे लागत नाही. समाजाच्या निधीतून असा छोटा फिरता निधी निघाला, तर वाटणीत अडकलेला एखादा वाडा भावाभावांच्या संमतीने घेता येईल. त्यात धर्मशाळा, पाठशाळा किंवा वाचनालय चालू शकेल, किंवा दर्शनी भाग न मोडण्याच्या अटीवर तो समाजातल्याच दुसऱ्या कुटुंबाला देता येईल. मंदिराच्या बाबतीत तर पहिले पाऊल बिनखर्चाचे आहे. कामाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, खांबाचे, लेखाचे छायाचित्र काढावे; मापे घ्यावीत; जाणकार वास्तुसंवर्धकाचे मत ठरावात नोंदवावे. चुन्याच्या जागी चुना आणि दगडाच्या जागी तसाच दगड हा नियम विश्वस्तांनी एकदा लिहून ठेवला, की पुढचा गवंडीही तो पाळतो.

अचौर्य व्रताचा अर्थ दुसऱ्याचे न घेणे एवढाच सामान्यतः सांगितला जातो. पूर्वजांनी पुढच्या पिढ्यांसाठी ठेवलेले धन मधल्या पिढीने मोडून टाकणे, हेही त्या व्रताच्या कसोटीवर तपासून पाहण्यासारखे आहे. औंढ्याच्या भिंतीवरील तो सांधा पाहणाऱ्याला ठाऊक असते, की दुरुस्ती करणाऱ्याची ओळख राहायला जुने पुसावे लागत नाही.