पार्लरमध्ये ब्रायडल मेकअप सुरू करायचाय? क्लासची फी भरण्याआधी एवढं पाहा

आमच्या शाळेतून दहावी करून गेलेली एक मुलगी तीन वर्षांपासून घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवते. थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियल आणि चाँदरातीला मेहंदी. मोहल्ल्यात नाव चांगलं आहे. पण रमजान ईद झाली, शव्वालमध्ये लग्नं निघाली, की तिच्याच गिऱ्हाईक मुली नवरी होताना मेकअपला दुसरीकडे जातात. म्हणून तिने भिशी उचलली आणि एका हॉटेलात भरलेल्या दोन दिवसांच्या ‘मास्टरक्लास’ला गेली. स्टेजवर दोन मॉडेलचा मेकअप झाला, खाली बसलेल्या बायकांनी मोबाईलवर शूटिंग केलं, शेवटी सर्टिफिकेट मिळालं. तिच्या हातात ब्रश एकदाही आला नाही. पुढच्या महिन्यात पहिल्या नवरीचा मेकअप केला, तर चेहरा राखाडी दिसला. फोटोत तर आणखीच. “मॅडम, सर्टिफिकेट आहे, पण हात बसला नाही,” असं ती मला म्हणाली.

यात तिचा दोष मी कमीच मानते. बीएडला आम्हालाही पुस्तकं भरपूर होती, पण शिकवायला आलं ते सराव पाठांमुळे. मागच्या बाकावर बसलेल्या सरांनी चुका वहीत लिहिल्या, तेव्हा. मेकअपचंही तेच आहे. म्हणून कोणत्याही क्लासला पहिला प्रश्न हाच विचारा : मी स्वतः किती चेहऱ्यांवर काम करणार, आणि माझी चूक मला कोण दाखवणार? उत्तर गोलमोल आलं तर फी भरू नका.

चेहरा राखाडी का झाला, हे समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे ‘नवरी गोरी दिसली पाहिजे’ असा घरच्यांचा आग्रह असतो, म्हणून त्वचेपेक्षा दोन शेड उजळ फाउंडेशन लावलं जातं. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर ते राखेसारखं दिसतं. शेड हातावर बघायची नसते; जबड्याच्या कडेला लावून, खिडकीच्या उजेडात बघायची. त्वचेची आतली झाक पिवळसर आहे की गुलाबी, तेही ओळखायला शिकावं लागतं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं नुसत्या कन्सीलरने झाकली तर ती निळसर-राखाडी होतात. आधी नारिंगी करेक्टरचा पातळ हात लागतो. आणि काही बारीक पांढऱ्या पावडरी आरशात दिसत नाहीत, पण कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये पांढरे डाग बनून उठतात. म्हणून सरावाच्या प्रत्येक मेकअपचा फ्लॅश लावून एक फोटो काढायचा. चांगल्या क्लासमध्ये हे सगळं गोऱ्या, सावळ्या, तेलकट, मुरुमं असलेल्या, वयस्कर अशा वेगवेगळ्या चेहऱ्यांवर करून घेतात.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. हा विषय अनेक ठिकाणी पाच मिनिटांत उरकतात. मस्काऱ्याची एकच कांडी दहा जणींच्या डोळ्यांना लावली तर एकीचे डोळे आले की सगळ्यांचे येतात. लिपस्टिक थेट ओठांवर न लावता स्पॅच्युलाने पॅलेटवर काढून लावायची, मस्काऱ्याला एकदा वापरून टाकायच्या कांड्या ठेवायच्या, ब्रश प्रत्येक चेहऱ्यानंतर साफ करायचे. नवरीची पॅच टेस्ट निदान एक दिवस आधी कानामागे घ्यायची. पापण्यांच्या गोंदाची तर नक्कीच.

सामान घेताना वेष्टन वाचा. कायद्याप्रमाणे उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर आणि वापरण्याची मुदत असलीच पाहिजे. बाहेरच्या मालावर आयातदाराचं नाव. बिनलेबलच्या गोरं करणाऱ्या क्रीमपासून तर लांबच राहा. अशा क्रीममधल्या पाऱ्याने मूत्रपिंडं बिघडल्याच्या केसेस केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात 2023 मध्ये समोर आल्या. काही गिऱ्हाईक हलालचंही विचारतात. लाल लिपस्टिकवर ‘सीआय 75470’ लिहिलं असेल तर तो किड्यांपासून काढलेला कार्माइन रंग आहे. त्याचा मसला आलिमांना विचारावा. आपलं काम गिऱ्हाइकाला खरं सांगणं.

आपल्या घरांतल्या नवरीच्या काही गोष्टी कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत. निकाह असरनंतर असेल तर मग़रिब मध्येच येते, म्हणून नवरीला आधी वुजू करून बसायला सांगा आणि वेळेचा हिशेब तसा ठेवा. भुवया कोरायच्या का, नकली पापण्या लावायच्या का, हे विचारल्याशिवाय हात लावू नका. अनेक घरांत ते चालत नाही. जड दुपट्टा पिनांनी बसवण्याचा वेगळा सराव करा. आणि फोटो! नवरीचा चेहरा इजाजतीशिवाय स्टेटसला टाकला, तर एका दिवसात नाव जातं. नुसते डोळे, मेहंदीचे हात किंवा घरातल्या तयार बहिणीचा फोटो, यावरही चांगला अल्बम होतो.

शिकायचं कुठे? दहावी पास असेल तर आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे. शाळा मध्येच सुटलेल्यांसाठी जन शिक्षण संस्थान आहे. वयोमर्यादा 15 ते 45, फी नाममात्र. काम येतंय पण कागद नाही, अशांसाठी ‘आरपीएल’ म्हणजे आधीच्या कौशल्याची परीक्षा घेऊन सरकारी प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. जवळच्या कौशल्य केंद्रात चौकशी करा. खासगी अकादमीत जायचं तर आधी एक तास वर्गात बसू द्या म्हणा, आणि किट फीमध्ये आहे की वेगळं, हे लिहून घ्या. उद्यम नोंदणी ऑनलाइन मोफत होते. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

मुद्रा योजनेत 50,000 रुपयांपर्यंतचं शिशु कर्ज तारणाशिवाय मिळतं, पण त्यावर व्याज आहे. सूद टाळणाऱ्या घरांनी भिशी किंवा जमातीचा कर्ज-ए-हसना बघावा, आणि महागडं किट एकदम न घेता हळूहळू जमवावं.

घरातली काही मोठी माणसं अजून ‘पार्लरचं काम’ म्हणून नाक मुरडतात. त्यांना सांगा, हिंदी सिनेमाच्या सेटवर हे काम पुरुषांनी स्वतःकडेच राखलं होतं. बायकांना फक्त केसांचं काम मिळायचं. सुप्रीम कोर्टाने 10 नोव्हेंबर 2014 रोजी ती बंदी उठवली.

ती मुलगी आता आठवड्यातून तीन दुपारी एका अनुभवी बाजींकडे जाते. बहीण, नणंद, दोन खाला, शेजारच्या दादी अशा अकरा चेहऱ्यांवर तिचा हात फिरला आहे. या मोसमात ती नवरीचं काम घेणार नाही; नवरीच्या बहिणी आणि मैत्रिणींचा साधा मेकअप करणार आहे, कमी पैशात.