संगणकांचे जाळे आणि त्यावरील चोरवाटा

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकावर लेख लिहावा, हे पाहून विज्ञान शाखेतील मित्रमैत्रिणी हसतील याची मला कल्पना आहे. पण संगणक आता प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, सातबारा, पीकविमा, गॅसची नोंदणी ही सारी कामे आज तारेवरून आणि हवेतून होतात. आणि ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात गेलेले असते, त्या घरात ही कामे करण्याचा मान आपोआप त्याच्याकडे येतो. तो मान मला मिळाला आणि त्याची किंमतही कळली. ती हकीकत शेवटी सांगेन. अगोदर हे जाळे चालते कसे ते पाहू.

दोन संगणक तारेने जोडले की जाळ्याला सुरुवात होते. 29 ऑक्टोबर 1969 रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील संगणकावरून स्टॅनफर्ड येथील संशोधन संस्थेच्या संगणकाला 'लॉगिन' हा शब्द पाठविण्याचा पहिला प्रयत्न झाला. 'एल' गेला, 'ओ' गेला आणि पलीकडचा संगणक बंद पडला! जगातील पहिला संदेश असा दोन अक्षरांचा आणि अर्धवट होता. पुढे 1 जानेवारी 1983 पासून या जाळ्यातील सर्व संगणकांनी बोलण्याचे एकच नियम स्वीकारले, आणि आपल्या देशात 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले.

आता मुख्य गोष्ट. आपण फोनवरून एखादे छायाचित्र पाठवितो तेव्हा ते अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि तुकड्याचा अनुक्रमांक लिहिला जातो. हे तुकडे सगळे एकाच वाटेने जातील असे नाही. समजा, एका वऱ्हाडाला धुळ्याहून जळगावला जायचे आहे. काही मंडळी पारोळा-एरंडोलमार्गे एसटीने निघाली. काही रेल्वेने चाळीसगावला येऊन पाचोऱ्यावरून गेली. काहींनी अमळनेर गाठून धरणगावमार्गे गाडी धरली. कोण आधी पोहोचेल ते सांगता येत नाही. पण मांडवात यजमानाच्या हाती यादी आहे. तो एकेकाची हजेरी घेतो, मागेपुढे आलेल्यांना यादीप्रमाणे बसवितो आणि एखादा आलाच नाही तर उलट निरोप धाडतो, की सतरा नंबरचे पाहुणे अजून आलेले नाहीत, त्यांना पुन्हा पाठवा. माणसाला पुन्हा पाठविता येत नाही, तुकड्याची मात्र हवी तितक्या वेळा नक्कल करता येते, एवढाच फरक. ही हजेरी घेण्याच्या नियमाला टीसीपी म्हणतात. वाटेतल्या प्रत्येक फाट्यावर उभे राहून 'तुम्ही इकडून जा' असे सांगणाऱ्या यंत्राला राउटर म्हणतात.

या पद्धतीचा मोठा गुण असा, की एक रस्ता बंद पडला तरी काम अडत नाही. पारोळ्याला रास्ता रोको असला तरी अमळनेरचा मार्ग मोकळा असतोच.

पत्त्याचे म्हणाल तर आपल्याला पिनकोड परिचयाचा आहे. 15 ऑगस्ट 1972 रोजी तो सुरू झाला आणि त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने केली, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल. (वेलणकर संस्कृतचे कवीही होते, तेव्हा भाषेच्या विद्यार्थ्यांनी आकड्यांना भिण्याचे कारण नाही.) 424001 म्हटले की धुळे, 425001 म्हटले की जळगाव. संगणकाचा आयपी पत्ताही असाच आकड्यांचा असतो. 0 ते 255 मधील चार आकडे, मध्ये टिंबे. अशा पत्त्यांची एकूण संख्या सुमारे 429 कोटी भरते. ती अपुरी पडू लागल्यामुळे एक लांबलचक नवी पद्धत आली, आणि जुन्या पद्धतीतही एक युक्ती निघाली. वसतिगृहातील मुलींची पत्रे जशी एकाच पत्त्यावर येतात आणि मग रेक्टरबाई खोल्यांप्रमाणे वाटतात, तसे एखाद्या संस्थेतील शंभर संगणक बाहेरच्या जगाला एकाच पत्त्याने दिसतात.

पण आकडे कोणाच्या लक्षात राहतात? आपण नाव टाकतो आणि डीएनएस नावाची सोय त्या नावाचा आकडा शोधून देते. शिवाय एका पत्त्यावर अनेक दारे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. संकेतस्थळ बहुधा 443 क्रमांकाच्या दाराने भेटते, टपाल दुसऱ्या दाराने, फाइलींची देवघेव तिसऱ्या. कोणते दार उघडे ठेवायचे आणि कोणाला आत घ्यायचे हे पाहणारा जो रखवालदार, तो फायरवॉल.

येथवर सारे गोड आहे. अडचण अशी, की हे जाळे ज्यांनी विणले ती विद्यापीठांतील प्राध्यापक आणि संशोधक मंडळी होती व ती बहुतेक एकमेकांना ओळखत होती. चोर येईल ही कल्पना त्यांच्या मनात फारशी नव्हती. तुकड्यावर पाठविणाऱ्याचा पत्ता लिहिलेला असतो खरा. पण तो खरा आहे की नाही हे पाहण्याची सक्ती मूळ नियमांत नाही. पोस्टकार्डाच्या मागे कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो, तसेच हे.

पोस्टकार्डाचा दुसरा दोष म्हणजे ते वाटेत कोणीही वाचू शकते. स्टेशनवर फुकटचे वायफाय दिसले की आपण हात धुऊन घेतो. पण ते वायफाय स्टेशनचेच आहे की शेजारच्या बाकावर बसलेल्या इसमाच्या पिशवीतले, हे नावावरून कळत नाही. यावर उपाय म्हणून मजकूर सांकेतिक लिपीत गुंडाळून पाठविण्याची पद्धत आली. पत्त्याच्या आरंभी एचटीटीपीएस असते, ते त्याचेच चिन्ह. पाकीट चिकटविलेले आहे, वाटेत कोणी वाचणार नाही, एवढीच हमी त्यातून मिळते. ज्याला आपण पाकीट धाडतो तो इसम सज्जन आहे, अशी हमी त्यात नाही! लबाडालाही असे पाकीट सहज मिळते. एसटीच्या गाडीवर 'जळगाव' अशी पाटी लावून ती मालेगावकडे हाकली, तर दारे कितीही घट्ट लावली तरी प्रवासी मालेगावलाच उतरणार. बँकेच्या संकेतस्थळासारखे हुबेहूब दुसरे स्थळ उभारून लोकांकडून परवलीचा शब्द काढून घेणे, हा या पाटीबदलाचाच प्रकार होय. याला फिशिंग म्हणतात.

परवलीच्या शब्दावरून आठवले. आमच्याकडे अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानात एक जाड वही असते. तीत प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव, मोबाइल क्रमांक आणि परवलीचा शब्द दुकानदाराच्या अक्षरात लिहिलेला असतो. पुष्कळांचा शब्द स्वतःचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन असाच असतो, कारण तो दुकानदारानेच ठरविलेला असतो. त्याच्या मनात वाईट काही नाही. पुढच्या वर्षी मुले शब्द विसरून येतात म्हणून त्याने केलेली ती सोय आहे. पण वही काउंटरवर उघडी असते.

आणखी एक त्रास म्हणजे गर्दीचा. ST स्थानकाच्या खिडकीवर शंभर रिकामटेकडे रांग लावून उभे राहिले आणि प्रत्येकाने 'भाडे किती?' एवढेच विचारून पुन्हा रांगेत जायचे ठरविले, तर खऱ्या प्रवाशाला तिकीट मिळणार नाही. खिडकी फुटलेली नसते, पैसेही चोरीस जात नाहीत, तरी काम ठप्प. हजारो संगणक परस्पर ताब्यात घेऊन त्यांच्याकडून एखाद्या संकेतस्थळावर अशी रांग लावण्यात येते.

उपद्रवी प्रोग्रामांपैकी काहींना माणसाने कळ दाबण्याचीही गरज लागत नाही. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा किडा 445 क्रमांकाच्या दाराने एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप शिरत दीडशे देशांत पसरला, फाइलींना कुलूप लावून खंडणी मागू लागला. ते दार दुरुस्त करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसविली नाही ते सापडले. त्याच वर्षी 27 जून रोजी युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्राममधून दुसरा किडा निघाला, 'नॉटपेट्या'. मर्स्क या जहाज कंपनीचा कारभार त्याने जगभर कोलमडविला, आणि तिच्याच समूहाकडे असलेले आपल्या न्हावा-शेवा बंदरातील एक टर्मिनल बंद पडले. युक्रेनातल्या हिशेबनिसाचा संगणक आणि उरणजवळ खोळंबलेले कंटेनर, यांचा संबंध एरवी कोणाच्या स्वप्नात आला असता? मर्स्कला सुमारे 45 हजार संगणकांवर सर्व काही नव्याने बसवावे लागले.

महाराष्ट्राला सर्वांत जास्त शिकविणारी घटना मात्र पुण्याची आहे. कॉसमॉस ही 1906 साली स्थापन झालेली सहकारी बँक. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा यंत्र स्वतः काहीच ठरवीत नाही. 'अमुक कार्डावर इतके रुपये द्यावेत काय?' अशी विचारणा जाळ्यावरून बँकेकडे जाते. तेथे 'स्विच' नावाची यंत्रणा ती घेते, मुख्य खतावणीत शिल्लक पाहते आणि होय किंवा नाही असे उत्तर धाडते. चोरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून या स्विचच्या जागी आपला तोतया उभा केला. तो खतावणीकडे जातच नसे. जो विचारील त्याला 'होय' म्हणत असे. शनिवार, 11 ऑगस्ट 2018 रोजी काही तासांत 28 देशांतून नकली कार्डांनी सुमारे 12 हजार वेळा पैसे काढण्यात आले. भारतातही कोल्हापूर, मुंबई, इंदूर अशा ठिकाणी माणसे पिशव्या घेऊन यंत्रांपुढे उभी होती. सोमवारी 13 तारखेला आणखी 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगच्या एका बँकेत वळते झाले. एकूण रक्कम 94 कोटी 42 लाख. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाच्या 2019 च्या अहवालात उत्तर कोरियाकडे बोट दाखविणाऱ्या हल्ल्यांत या घटनेची गणना आहे. 2023 साली पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना शिक्षा दिली. हे सारे पैसे काढणाऱ्यांच्या साखळीतले.

या प्रकरणात खातेदारांची खाती शाबूत राहिली, कारण तोतयाने खतावणीला हातच लावला नव्हता. नुकसान बँकेचे झाले. माझ्या मते यातील खरी गोम ही, की एटीएम प्रामाणिक होते, तारा प्रामाणिक होत्या, खतावणी प्रामाणिक होती. ज्याच्या 'होय'वर सर्वांनी विश्वास टाकला तोच बदललेला होता.

आता घरची हकीकत. माझे चुलते, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, शिंदखेडा तालुक्यात कापूस लावतात. मागच्या दिवाळीनंतर गावच्या व्हॉट्सॲप गटात शेतकऱ्यांच्या एका योजनेच्या नावाने फाइल आली. पाठविणारा ओळखीचा, गावातलाच. नानांनी ती उघडली. ती एपीके फाइल होती, म्हणजे कागद नव्हे, फोनमध्ये बसणारे ॲप. त्यात अर्ज होता. नाव, आधार, एटीएम कार्डाचे आकडे. नानांनी चष्मा लावून सावकाश भरला. रात्रीतून 46 हजार रुपये गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. "माय, ओटीपी कोणाला सांगायचा नाही असं तू म्हणाली होतीस ना? मी कोणालाच सांगितला नाही. मग गेले कसे?"

नाना खरे बोलत होते. त्या ॲपने बसतानाच मेसेज वाचण्याची परवानगी मागितली होती आणि नानांनी 'होय' दाबले होते. बँकेने ओटीपी नानांच्याच फोनवर पाठविला. नानांच्या अगोदर तो ॲपने वाचला आणि चोराकडे धाडला. त्याच ॲपने नानांच्या नावाने ती फाइल पुढे त्यांच्या सोयऱ्यांनाही पाठविली. गावातल्या ज्या इसमाकडून ती आली होती, त्याचेही असेच झाले होते.

बाहेरून आलेले ॲप फोन सहसा बसू देत नाही, मग नानांच्या फोनने कसे बसू दिले? ते मला सांगावे लागेल. चार महिन्यांपूर्वी त्यांना भजनांचे एक ॲप हवे होते. ते मी माझ्या फोनवरून व्हॉट्सॲपने पाठविले आणि 'येथून आलेली ॲप बसू द्यावीत' ही कळ त्यांच्या फोनवर मीच चालू केली. बंद करायची राहिली.

1930 या क्रमांकावर आम्ही तक्रार केली. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतात. पहिल्या तासाभरात कळविले तर वाटेत अडविता येतात. आमचा एक दिवस गेला होता. 9 हजार गोठविता आले, बाकीचे गेले.

मी सुटीत जाऊन ती कळ बंद केली, ते ॲप काढले, कार्ड बदलून आणले. नव्या कार्डाचा पिन नानांनी एटीएमसमोर उभे राहून स्वतः ठेवला. मला त्यांनी बाहेर थांबायला सांगितले होते.