टेकूवर उभा इतिहास

पावसाळा तोंडावर आला की म्हाडाची अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर होते. दक्षिण मुंबईतील हजारो कुटुंबे ती धास्तीने वाचतात. आपल्या घराचे नाव यादीत असावे की नसावे, हेच त्यांना ठरवता येत नाही. असले तर घर सोडावे लागणार, नसले तर त्याच गळक्या छपराखाली आणखी एक पावसाळा काढावा लागणार!

काळा घोडा परिसरातली एस्प्लनेड मॅन्शन ही या दुखण्याची सर्वांत ठळक खूण. एके काळचे हे वॉटसन हॉटेल. त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार झाला, जहाजातून मुंबईला आला आणि १८६०च्या दशकात इथे उभा राहिला. ७ जुलै १८९६ रोजी याच वास्तूत ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली आणि भारताला सिनेमाची पहिली ओळख झाली. तिकीट होते एक रुपया. ती जादू पाहून भारावलेल्यांत सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र भाटवडेकर हे मराठी छायाचित्रकार होते, असे चित्रपटाचे इतिहासकार सांगतात. पुढे १८९९ मध्ये त्यांनी कुस्तीचा सामना चित्रित केला.

हॉटेल बंद पडले आणि वास्तूचे तुकडे झाले. मोठमोठ्या दालनांत फळ्या ठोकून खोल्या काढल्या गेल्या. कुठे वकिलांची कार्यालये आली, कुठे बिऱ्हाडे. जुलै २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळून एकाचा बळी गेला. त्याच वर्षी जगातील अतिसंकटग्रस्त शंभर वास्तूंच्या यादीत तिचे नाव आले. मान मिळाला, पण दुरुस्ती झाली नाही. अखेर २०१९ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ती रिकामी करण्यात आली. आय.आय.टी.च्या अहवालाने ती पाडण्याची शिफारस केली, तर वारसातज्ज्ञांचे म्हणणे, ती अजूनही सावरता येईल.

दोष कोणाचा?

बोट साहजिकच मालकाकडे जाते आणि ते बरेचसे योग्यही आहे. पण गोष्ट एवढी सोपी नाही. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. महागाईत भाडेकरूला आधार मिळाला. मात्र दशके उलटली तरी भाडे तेच राहिले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गोठलेल्या भाड्याची ही तरतूद अवाजवी ठरवली. नव्या कायद्याने २००० पासून वर्षाला चार टक्के वाढ दिली. मात्र मूळ रक्कमच चणेफुटाण्यांची, तिथे चार टक्क्यांनी काय होणार?

दुसरीकडे, पागडी भरून आत आलेला भाडेकरू म्हणतो, ‘आम्ही फुकट राहत नाही.’ तेही खरेच. खोली दुसऱ्याच्या नावावर करताना मालक आपला वाटा घेतो, मात्र गच्ची गळू लागली की तो सापडत नाही! १९६९च्या कायद्याने उपकर घेऊन दुरुस्तीचे काम सरकारी मंडळाकडे दिले, तेव्हा अनेक मालकांनी हातच झटकले. जमिनीचे मोल वास्तूपेक्षा कितीतरी वाढल्यावर तर वास्तू पडलेलीच बरी, असा हिशेब करणारेही निघाले. वारसा यादीतली इमारत परवानगीशिवाय पाडता येत नाही. पण तिच्याकडे नुसते दुर्लक्ष करायला परवानगी कशाला लागते?

इमारत एका दिवसात पडत नाही

सुरुवात क्षुल्लक असते. पन्हाळ तुंबते, भिंतीत पिंपळ उगवतो. त्याची मुळे दगडांच्या सांध्यांत शिरतात. ओल भिंतीत मुरते आणि तिथे टेकलेली लाकडी तुळयांची टोके कुजतात. लोखंड गंजले की फुगते आणि भोवतालचे बांधकाम फोडते. त्यात कोणी चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते. वेळच्या वेळी काढलेले पिंपळाचे रोप म्हणजे काही मिनिटांचे काम. वीस वर्षांनी तिथे बांबूचे टेकू लागतात.

म्हणूनच जुन्या घरात राहणाऱ्यांनी काही खुणा ओळखायला हव्यात. भेग दिवसेंदिवस रुंदावते आहे काय? कालपर्यंत नीट लागणारे दार अचानक अडकू लागले काय? जमीन एका बाजूला कलते आहे काय? असे काही आढळले तर मालकाची वाट न पाहता महापालिकेला आणि दुरुस्ती मंडळाला लेखी कळवावे आणि त्याची पोच जपून ठेवावी. घर सोडावे लागलेच, तर परत येण्याचा हक्क कागदावर घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये. संक्रमण शिबिरात ‘थोड्या दिवसांसाठी’ गेलेल्या कित्येकांची पुढची पिढी तिथेच मोठी झाली आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत आणि जुलै २०२० मध्ये फोर्टमध्ये पुन्हा तेच घडले. दर वेळी चौकशी होते. मालक भाड्याकडे बोट दाखवतो, भाडेकरू मालकाकडे आणि मंडळ निधीकडे. पिंपळाला मात्र यातले काहीच ठाऊक नसते. तो आपला वाढत राहतो.